हिच्यात आता पैसे घालायचे का? जुन्या गाडीचा हिशेब



आजचा विषय इथे बसलेल्या बऱ्याच जणांच्या दारात उभा आहे. एमएच-१३ पासिंगची, बारा-चौदा वर्षांची गाडी. गॅरेजमध्ये दाखवली, मेस्त्रींनी कागदावर यादी करून दिली. क्लच प्लेट, पुढचं सस्पेन्शन, रेडिएटर, दोन टायर, शिवाय मजुरी. सगळं मिळून सत्तर हजार. आणि तुम्ही विचारता, "मेस्त्री, हिच्यात आता एवढे पैसे घालायचे का, का काढून टाकू?"

मेस्त्री काय सांगणार? "करा" म्हणाले तर तुम्हाला वाटतं धंदा बघतायत. "काढा" म्हणाले तर त्यांचं गिऱ्हाईक जातं. म्हणून ते म्हणतात, "तुमची मर्जी, साहेब." घरी आलं की मेव्हणा बसलेलाच असतो. (हशा) तो म्हणतो, "गाडी विकायला गेलात तर दीड लाख येतील, आणि दीड लाखाच्या गाडीत सत्तर हजार घालता? शहाणा माणूस असं करतो का?"

या प्रश्नाला उत्तर सुचत नाही. तो बिनतोड वाटतो. माझं म्हणणं असं की त्या प्रश्नातली तुलनाच चुकीची आहे, आणि या चुकीच्या तुलनेमुळे चांगल्या गाड्या विकल्या जातात, नको ती कर्जं घेतली जातात. उलटही होतं. जी गाडी खरोखर काढायला हवी, ती केवळ दुरुस्तीचा खर्च कमी दिसतो म्हणून घरात राहते. ते जास्त धोक्याचं. त्याकडे मी नंतर येतो.

आधी हे बघू की ही तुलना आली कुठून. दुरुस्तीचा खर्च एका बाजूला आणि गाडीची बाजारातली किंमत दुसऱ्या बाजूला, हा खरा विमा कंपनीचा हिशेब आहे. अपघात झाला आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा-मूल्याच्या, म्हणजे आपण ज्याला आयडीव्ही म्हणतो त्याच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला, तर कंपनी गाडी 'टोटल लॉस' धरते आणि पैसे देऊन मोकळी होते. कंपनीच्या दृष्टीनं ते बरोबर आहे. कारण कंपनीला गाडी नकोच आहे, तिला फक्त देणं भागवायचंय. तुम्हाला मात्र उद्या सकाळी गाडी हवी आहे. आईला दवाखान्यात न्यायचंय, गुरुवारी अक्कलकोटला जायचंय. गाडी काढली तरी ही गरज संपत नाही, ती दुसरी गाडी मागते. मग एका बाजूला सत्तर हजार आणि दुसऱ्या बाजूला दीड लाख, ही तराजूची पारडीच नव्हेत. एका पारड्यात ही गाडी पुढची तीन वर्षं चालवण्याचा खर्च हवा, आणि दुसऱ्यात तिच्या जागी जी येणार तिचा पुढच्या तीन वर्षांचा खर्च.

कारखान्यातल्या यंत्रांबाबत हे फार पूर्वी मांडून झालंय. जॉर्ज टरबर्ग नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं १९४९ साली यावर पुस्तकच लिहिलं. जुन्या यंत्राला तो 'डिफेंडर' म्हणतो आणि नव्याला 'चॅलेंजर'. आपल्या जिल्ह्याला हे समजायला वेळ लागू नये. आखाड्यात एक पैलवान उभा आहे, दुसरा त्याला आव्हान देतोय. निकाल त्या दोघांच्या कुस्तीवर लागतो. पहिल्यानं गेल्या दहा वर्षांत किती बदाम खाल्ले, याचा त्या कुस्तीशी संबंध नाही.

बदामाचं मुद्दाम बोललो. लोक दोन्ही तोंडांनी बोलतात. एक म्हणतो, "मागच्या वर्षीच पन्नास हजार घातलेत हो, आता कशी सोडू?" दुसरा म्हणतो, "आधीच पन्नास हजार खाल्लेत हिनं, आता एक रुपया देणार नाही." दोघंही गेलेल्या पैशाशी भांडतायत. ते पन्नास हजार गाडी ठेवली तरी परत येत नाहीत, विकली तरी येत नाहीत. त्या पैशात काय नवं बसलं, याला महत्त्व आहे. गेल्या वर्षी टायमिंग चेन आणि वॉटर पंप नवा पडला असेल, तर पुढच्या तीन वर्षांच्या यादीतून ती दोन कामं वजा होतात. एवढाच त्या पैशाचा आजच्या निर्णयात वाटा.

आता आकडे घेऊ. हे मी धरलेले आकडे आहेत, तुमचे तुम्ही घाला.

समजा २०१२ ची पेट्रोल गाडी आहे, वर्षाला दहा हजार किलोमीटर चालते. आज विकली तर दीड लाख येतील. मेस्त्रींची यादी सत्तर हजारांची. ती कामं तीन वर्षं पुरतील असं धरलं तर वर्षाला तेवीस हजार. त्याशिवाय ऑइल, ब्रेक, किरकोळ कामं यांना वर्षाला तीस हजार. फक्त थर्ड पार्टी विमा घेतला तर चार हजारांच्या आसपास. तीन वर्षांनी गाडीचे दीड लाखाचे पाऊण लाख होतील, म्हणजे वर्षाला पंचवीस हजार घट. रस्त्यात बंद पडली, टो करावी लागली, भाड्याची गाडी करावी लागली, त्यासाठी दहा हजार. आणि जुनी गाडी लिटरला १४ देते, नवी १९ देईल. दहा हजार किलोमीटरला १८८ लिटरचा फरक पडतो. पेट्रोल शंभराच्या वरच आहे, पण तोंडी हिशेबाला शंभर धरू. एकोणीस हजार. सगळ्याची बेरीज होते एक लाख अकरा हजार.

नवी गाडी रस्त्यावर येईपर्यंत नऊ लाख. जुनी विकून आलेले दीड लाख, पदरचे पन्नास हजार, बाकी सात लाखांचं कर्ज, पाच वर्षं, साडेनऊ टक्के. हप्ता बसतो साधारण १४,७०० रुपये. पाच वर्षांत व्याजच एक लाख ब्याऐंशी हजार, वर्षाला छत्तीस हजार. पाच वर्षांनी गाडीची किंमत निम्मी धरायची. मी हे मनानं सांगत नाही, विम्याच्या तक्त्यातही चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घट धरलेली असते. म्हणजे वर्षाला नव्वद हजार नुसत्या उभ्या जागी गेले. पूर्ण विमा सरासरी वीस हजार, सर्व्हिसिंग आठ हजार. बेरीज एक लाख चोपन्न हजार.

फरक वर्षाला त्रेचाळीस हजारांचा, जुन्या गाडीच्या बाजूनं. मेव्हणा ज्याला वेडेपणा म्हणत होता ती सत्तर हजारांची दुरुस्ती. मोठा आकडा कुठला, तर जो कुणी पावती फाडून देत नाही तो, नव्वद हजारांची घट. दुरुस्तीचं बिल हातात येतं म्हणून टोचतं. घट कुणी बिल करून देत नाही.

पण थांबा, लगेच टाळ्या नकोत. याच हिशेबात एकच आकडा बदला. दहा हजार किलोमीटरच्या जागी तीस हजार घाला. समजा तुमचं सोलापूर-पुणे दर आठवड्याला जाणं-येणं आहे, किंवा विक्रीच्या कामासाठी बार्शी, पंढरपूर, विजापूर असं फिरणं आहे. इंधनाचा फरकच छप्पन हजारांवर जातो. जुन्या गाडीचा खर्च एक लाख अठ्ठेचाळीस हजार होतो. शिवाय झीज तिप्पट, म्हणजे ते वर्षाचे तीस हजारही पुरणार नाहीत. दोन्ही पारडी बरोबरीला येतात. आणि बरोबरीला आली की भरवसा कुणाचा जास्त, यावर निकाल लागतो. तुळजापूर-पंढरपूर-अक्कलकोटच्या भाविकांच्या फेऱ्यांवर ज्याचं घर चालतं, त्याची गाडी गॅरेजला उभी राहिली तर त्या दिवसाची कमाई जाते, वर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जातं. त्याच्यासाठी माझे ते दहा हजार काहीच नव्हेत. याउलट निवृत्त माणूस, वर्षाला चार हजार किलोमीटर, त्यानं केवळ शेजाऱ्यानं घेतली म्हणून नवी गाडी घेणं याला मी तरी हिशेब म्हणणार नाही. हौस म्हणेन. हौसेला माझी हरकत नाही, तिला बचतीचं नाव देऊ नये इतकंच.

मधली वाट आहे, चार-पाच वर्षांची वापरलेली गाडी. पहिली मोठी घट दुसऱ्यानं सोसलेली असते, एअरबॅग वगैरे मिळतात. अडचण अशी की तुमच्या गाडीचा इतिहास तुम्हाला पाठ आहे, त्या गाडीचा फक्त विकणाऱ्याला. आणखी एक लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. नव्या गाड्या उतरल्या की वापरलेल्यांचे भावही उतरायला हवेत. वर्ष-दोन वर्षांपूर्वी ऐकलेला भाव डोक्यात धरून व्यवहार करू नका, घेताना नाही आणि विकतानाही नाही.

आता यंत्राकडे येतो, कारण 'तीन वर्षं पुरतील' हे मी सहज बोलून गेलो. ते कशावरून धरायचं?

लोकांना वाटतं जुनी गाडी म्हणजे इंजिन संपलं. इंजिन सहसा आधी संपत नाही. आपल्या सोलापुरात, प्रिसिजन कॅमशाफ्ट्समध्ये, कॅमशाफ्ट बनतात आणि परदेशी कंपन्यांच्या इंजिनांत जाऊन फिरतात, हे इथे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. कॅमशाफ्ट इंजिनातल्या झडपा उघडतो-मिटतो, क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो. गाडी सरासरी ताशी ४० किलोमीटरनं दीड लाख किलोमीटर चालली तर ३,७५० तास झाले. इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्या मारतंय असं धरलं तर कॅमशाफ्ट तेवढ्यात साडेबावीस कोटी वेळा फिरला. तरी तो शाबूत असतो. कारण धातू धातूला टेकतच नाही जवळजवळ, मध्ये ऑइलचा पापुद्रा असतो. ऑइल वेळेवर बदललेलं इंजिन दोन लाख किलोमीटर सहज बघतं. मरतात ती आजूबाजूची माणसं. रबर, प्लास्टिक, वायरी, रेडिएटर.

यात आपल्या हवेचा हात आहे. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि खारी हवा, तिथे इंजिन ठणठणीत असताना पत्रा कुजतो. सोलापुरात पाऊस बेताचा, हवा कोरडी. पत्रा टिकतो. पण मे महिन्यात पारा ४२-४४ वर जातो, आणि गाडी दिवसभर उन्हात. होज पाइप कडक होतात, बुश तडकतात, इंजिन माउंटिंग बसतात, बॅटरी तीन-चार वर्षांत मान टाकते. त्यात आपण काय करतो, रेडिएटरमध्ये कूलंट संपलं की बोअरचं पाणी ओततो. आपलं बोअरचं पाणी जड. हंड्याच्या बुडाला जे पांढरं बसतं तेच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतं. मग पाणी फिरत नाही, इंजिन तापतं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, दुसरं काही नाही. हे इतकं स्वस्त आहे की कुणी मनावर घेत नाही.

आणि यातूनच मोठं बिल कसं जन्मतं ते बघा. काहीशे रुपयांचा होज पाइप पुणे रस्त्यावर फुटला. काटा वर चढला. आपण म्हणतो, "मोहोळ आलंच की, तिथे बघू." कूलंट वाहून गेल्यावर काटाही खरं सांगत नाही, कारण त्याचा सेन्सर कूलंटचं तापमान मोजतो आणि आता कूलंटच उरलेलं नाही. त्या दहा किलोमीटरमध्ये अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं, हेड गॅस्केट जातं. हेड उतरवा, फेसिंग करा, पुन्हा बसवा. पाइपाच्या शंभरपट खर्च. ही गाडी 'जुनी झाली म्हणून' गेली असं आपण सांगत फिरतो. म्हणून सोलापूरच्या गाडीबाबत माझं ठाम मत आहे: पत्रा चांगला आणि इंजिन चांगलं असेल तर एकदाच कूलिंगची सगळी यंत्रणा आणि अंडरचेसिसचं सगळं रबर नवं करून घ्या. इथल्या हवेनं खाल्लेलं तेवढंच असतं.

पण 'इंजिन चांगलं' हे कानानं ठरवू नका. कॉम्प्रेशन टेस्ट करायला सांगा. स्पार्क प्लग काढून तिथे गेज लावतात, इंजिन फिरवतात, प्रत्येक सिलिंडरचा दाब बघतात. चारही आकडे जवळजवळ सारखे आले तर बरं. एखादा बराच खाली असेल तर रिंगा, व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. धूर बघा. निळा म्हणजे ऑइल जळतंय, गाडी तापल्यावरही पांढरा येत राहिला तर कूलंट जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल-डिझेल जास्त जातंय. मग गाडी लिफ्टवर घेऊन खालून बघा. दारांच्या खालचा पत्रा, मॅट उचलून जमीन, जॅक लावायची जागा, शॉकर जिथे बॉडीला बसतो ती जागा. तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचल्यावर आत गेला तर पुढचं काही विचारू नका. क्लच, ब्रेक, शॉकर, टायर, बॅटरी ही झीज आहे. ती कामं केली की घड्याळ मागे जातं. कुजलेली बॉडी, अपघातात वाकलेली चासी, पुराच्या पाण्यात बुडून गेलेली वायरिंग, यात घातलेले पैसे घड्याळ मागे नेत नाहीत, ते फक्त काही महिने टिकटिक ऐकू येऊ देत नाहीत.

हे बघायला हजार-दोन हजार लागतील. लाखांचा निर्णय घ्यायच्या आधी हे खर्च करा, आणि शक्यतो दुरुस्ती जिथे करणार नाही अशा गॅरेजमध्ये करा. मेस्त्रींना आज काय बिघडलंय एवढंच विचारू नका. "पुढच्या दोन वर्षांत आणखी काय निघेल?" असं विचारा, आणि ती यादी लिहून घ्या. सत्तर हजारांनंतर पाच-दहा हजारांची कामं राहत असतील तर करा. सत्तर हजारांनंतर आणखी ऐंशी हजार उभे असतील तर मघाचा सगळा हिशेब उलटतो.

सुट्या भागांचंही विचारा. मारुती ८०० बंद होऊन २०१४ पासून इतकी वर्षं झाली, तरी तिचे पार्ट मिळवायला आजही धावपळ करावी लागत नाही. पण शेवरोलेनं २०१७ च्या अखेरीला भारतातली विक्री थांबवली, फोर्डनं २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. अशा गाड्यांचं फिल्टर-ब्रेकचं सामान मिळतं. दार, दिवा, एखादा इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल लागला तर थांबावं लागतं. गाडी चांगली असूनही पार्टसाठी महिनाभर उभी राहणार असेल तर ते खर्चातच धरायचं.

इथे आणखी एक सांगून टाकतो, उसाच्या जिल्ह्यात राहून ते न सांगणं बरं नव्हे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते आपल्याच कारखान्यांतून जातं, त्याचा आनंद आहे. पण एप्रिल २०२३ पूर्वीच्या बऱ्याच गाड्यांच्या पेट्रोलच्या नळ्या, सील हे त्या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. इंजिन लगेच बसतं असं काही नाही, अ‍ॅव्हरेज थोडं पडतं. पेट्रोलचा वास आला, नळी चिकट किंवा मऊ लागली, तर लगेच बदला. पेट्रोल गळणं ही थांबायची गोष्ट नाही.

आता मघाशी म्हटलं होतं त्या धोक्याकडे येतो. आतापर्यंत सगळं रुपयांत बोललो. दुरुस्तीनं गाडी नव्यासारखी होते, पण ती ज्या वर्षी बनली त्या वर्षाइतकीच नवी होते. २०१२ च्या गाडीला कितीही पैसे घातले तरी २०१२ चीच. आपल्याकडे सगळ्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं एप्रिल २०१९ पासून. चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून. शेजारच्याची एअरबॅग सगळ्या गाड्यांना २०२२ पासून. समोरून आणि बाजूनं धडक देऊन गाडी तपासण्याचे नियम ऑक्टोबर २०१७ मध्ये नव्या मॉडेलांना लागू झाले, बाकीच्यांना दोन वर्षांनी. त्याआधीच्या स्वस्त मॉडेलांत यातलं काहीच नसायचं. ज्या गाडीत एअरबॅग नाही तिच्यात मेस्त्री ती बसवून देऊ शकत नाहीत, आणि केबिनचा सांगाडा मजबूत करणं तर शक्यच नाही.

म्हणून गाडी कुठे चालते हा प्रश्न मी पैशाच्या आधी ठेवतो. सात रस्ता, नवी पेठ, भाजी मंडई, लेकीची शाळा, ताशी तीस-चाळीसचा वेग, तिथे चांगले ब्रेक, चांगले टायर आणि लावलेला पट्टा यांनी बरंचसं भागतं. पण तीच गाडी घरातले पाच जण घेऊन रात्री पुणे महामार्गावर शंभरच्या वेगानं जाते का? मुलगा पुण्याला नोकरीला लागलाय आणि दर शनिवारी येतो का? तर तो वर्षाचा त्रेचाळीस हजारांचा फायदा मला नको. जुनी गाडी गावात ठेवा, लांबच्या प्रवासाला रेल्वे घ्या. किंवा गाडी बदला. कर्ज झेपत नसेल तर नवी कोरी नको, २०२२ नंतरची वापरलेली घ्या. आणि गाडी कुठलीही असो, टायरच्या बाजूला चार आकडे असतात ते वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सोलापूरच्या उन्हात सात वर्षं काढलेलं रबर महामार्गावर न्यायचं नाही.

कायद्याबाबत इतका गोंधळ आहे की लोक घाबरून गाड्या विकतात. "डिझेल दहा वर्षं, पेट्रोल पंधरा वर्षं, मग भंगार" असं जे ऐकू येतं ते दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागाचं प्रकरण आहे. त्यातच १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द झाली, आणि मुंबईतल्या टॅक्सींना वीस वर्षांची मर्यादा आहे. त्या मर्यादेमुळेच ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी गेली. ती गाडी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली उभी केली ती आपल्या सोलापूरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी. त्या काळी नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. दुरुस्त करत राहणं ही आपल्या वडिलांची आवड नव्हती, दुसरा इलाजच नव्हता. "गाडी मरेपर्यंत चालवायची" हे वाक्य त्या काळातून आलंय, हे ध्यानात ठेवून ते ऐकावं.

तुमच्या आमच्या खासगी गाडीला महाराष्ट्रात असं वयाचं बंधन नाही. पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत गाडी तपासून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. फी पूर्वी ६०० रुपये होती, १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली. वीस वर्षांच्या पुढच्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून १०,०००. शिवाय राज्याचा पर्यावरण कर. नूतनीकरणाला उशीर केला तर महिन्याला ५०० रुपये जादा. २०१२ च्या गाडीला हे २०२७ मध्ये येणार, तेव्हा आत्ता तीन वर्षांचा हिशेब मांडताना यात सात-आठ हजार घालून ठेवा. पारडं त्यानं फिरत नाही.

भंगारातच द्यायची असेल तर गल्लीतल्या भंगारवाल्याला देऊ नका. नोंदणीकृत केंद्रात द्या. तिथे ठेव-प्रमाणपत्र मिळतं, नव्या गाडीची नोंदणी फी माफ होते, रस्ता करात सवलत मिळते, आणि मुख्य म्हणजे आरसी रीतसर रद्द होते. विमा विसरू नका. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो. जुनी विकताना तो राखून ठेवल्याचं पत्र कंपनीकडून घ्या, नव्या गाडीच्या विम्यात तो वापरता येतो. पन्नास टक्के बोनस साठला असेल तर बऱ्यापैकी रक्कम वाचते.

एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय: "इलेक्ट्रिक घेतली तर?" हिशेब तोच. किंमत जास्त, दर किलोमीटरचा खर्च फार कमी. म्हणजे रोज भरपूर चालणाऱ्याला ती परवडते, वर्षाला चार हजारवाल्याला नाही. घरात चार्जिंगची जागा आहे का ते आधी बघा.

दुसरी चिठ्ठी: "गाडी ओळखीच्या माणसाला विकली, वर्ष झालं, अजून आरसी माझ्याच नावावर आहे. काही बिघडतं का?"

बिघडतं. हे सगळ्यांनी ऐका. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक. गाडी मध्ये चार हातांतून फिरली असली तरी. त्या गाडीनं उद्या अपघात केला आणि तिचा विमा संपलेला असला, तर नुकसानभरपाईची नोटीस तुमच्या दारात येईल. तुम्ही गाडीत नसाल, गावातही नसाल, तरी येईल. गाडी दिली की चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं, फॉर्म २९ आणि ३०. घेणारा "करतो, करतो" म्हणत असेल तर शेवटचे दहा हजार नाव बदलेपर्यंत हातात ठेवा. आणि ज्यांनी ही चिठ्ठी पाठवलीय त्यांनी उद्या सकाळीच त्या ओळखीच्या माणसाला फोन करावा, विमा चालू आहे का ते विचारावं, आणि त्याला सोबत घेऊन आरटीओ गाठावं.